एकशे बारावा शब्द

"मग राहिला तरी कुठला शब्द, चाचा?"

साइटचा तरुण इंजिनियर अभिराम वळसंगकर तिसऱ्यांदा विचारत होता. हातात वही, कानामागे पेन्सिल, डोक्यावर पिवळी टोपी. टोपीवर अजून एकही ओरखडा नव्हता.

बंदेनवाज मिस्त्री विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळत होते. सोलापुरातल्या निम्म्या दुकानांच्या इमारतींना त्यांचा हात लागलेला. लिहिता मात्र नाव तेवढंच यायचं, तेही घाई नसेल तर.

"परत वाचा," ते म्हणाले.

अभिरामने वाचलं. फूटिंग म्हणजे पाया. प्लिंथ म्हणजे जोतं. शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा. क्युरिंग म्हणजे काँक्रीटला पाणी पाजणं... असे एकशे अकरा शब्द, अर्थासकट. तीन महिने खपून त्याने ते जमवले होते. गेटवर मोठा फळा लावायचा, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक मजुराला साइटची भाषा कळली पाहिजे, असा त्याचा विचार. विचार चांगलाच होता. फक्त फळ्याच्या खाली स्वतःचं नाव केवढ्या अक्षरात लिहायचं, हेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

"कॅन्टिलिव्हर," तो शेवटी म्हणाला. "ज्याचं एकच टोक धरलेलं असतं, असा पुढे आलेला भाग. उदाहरणार्थ गॅलरी. हिची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. खाली गेली तर टेकू काढताच गॅलरी कोसळते."

"झ्याक सांगितलंत."

"मग?"

"एक राहिलाय."

"कुठला?"

चाचांनी तंबाखू दाढेखाली धरली.

अभिरामचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते साहजिकच होतं. या कॉम्प्लेक्सचं स्लॅबचं काम संपलं की चाचा गावी जाणार होते. साइट अभिरामच्या हाती द्यायची की बाहेरून दुसरा माणूस आणायचा, हे कॉन्ट्रॅक्टर बिराजदार चाचांना विचारून ठरवणार होते. आज दुसऱ्या मजल्याचा अर्धा स्लॅब, उद्या उरलेला अर्धा. त्यानंतर चाचांनी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही.

आठ वाजता मिक्सरपुढे नारळ फुटला.

नारळ फुटला की मिक्सर थांबवायचा नाही, ही चाचांच्या साइटची रीत. त्या दिवसाचा स्लॅब पुरा होईपर्यंत तो घरघरत राहिला पाहिजे. मध्येच थांबवणं म्हणजे अपशकुन, वर मालकाच्या शिव्या. म्हणून त्या दिवशी कुणी पाणी प्यायलासुद्धा ओळ सोडत नाही.

घमेली हातोहात वर चढू लागली. बायकांच्या ओळीत सगळ्यांत वर लक्ष्मव्वा होती. ती वीस वर्षं चाचांच्या हाताखाली काम करत होती. घमेलं घ्यायचं, रितं करायचं, मागे द्यायचं. तिचा हात बघत राहावा असा.

अकराच्या सुमाराला माल पश्चिमेच्या गॅलरीपाशी आला.

चाचा पुढे झाले. चालायला फळ्या टाकलेल्या होत्या, पण चाचा फळीवरून उतरले आणि थेट सळयांच्या जाळीवर जाऊन उभे राहिले. तिथून हात करून ओरडले, "इकडं टाका! इकडं!"

अभिरामचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं.

सळई वर उचलून धरायला तिच्याखाली वाकवलेल्या लोखंडाचे तुकडे ठेवतात, साइटवर त्यांना चेअर म्हणतात. चाचांच्या वजनाने दोन चेअर चेपल्या होत्या. वरची सळई खाली बसत चालली होती. एक बोट... दोन बोटं...

सकाळी वाचलेलं वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. चाळीस माणसं. मिक्सरची घरघर. लक्ष्मव्वाच्या हातात भरलेलं घमेलं. आणि जाळीवर चाचा, ज्यांना आजवर या साइटवर कुणी उलटून बोललं नव्हतं.

चाचांना कळत नसेल का? त्यांना काही हिशेब असेल. आपण कालचं पोर. आणि नेमकं आज... आज तरी तोंड मिटून राहावं.

लक्ष्मव्वाने घमेलं तिरकं केलं.

"थांबा!"

आवाज इतका मोठा निघाला की त्याचा तोच दचकला.

"मिक्सर बंद करा! चाचा, तुम्ही... तुम्ही उतरा तिथून. आधी फळीवर या."

मिक्सर थांबला. एवढी शांतता साइटवर दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा नसते.

चाचांनी पायाकडे पाहिलं. मग अभिरामकडे. मग फळीवर आले.

सळया बांधणाऱ्या फिटरने चेपलेल्या चेअर काढल्या, नव्या बसवल्या. अभिरामने गुडघे टेकून पट्टीने सळई मोजली. एकदा मोजून समाधान होईना, म्हणून तीनदा मोजली.

लक्ष्मव्वा हळूच म्हणाली, "मला बी दिसलं हुतं, सायेब."

"मग बोलल्या का नाहीत?"

"चाचाला कोन बोलनार, माय?"

दहा मिनिटांनी मिक्सर पुन्हा सुरू झाला. आभाळ कोसळलं नाही.

बिराजदार मात्र खालून धापा टाकत वर आले. "कुणी थांबवला मिक्सर?"

अभिराम पुढे झाला. "मी."

"का?"

त्याने उत्तर द्यायच्या आत चाचा बोलले, "माजा पाय चुकीच्या जागी हुता, मालक."

बिराजदारांनी चाचांकडे पाहिलं, इंजिनियरकडे पाहिलं, काही विचारावंसं वाटलं ते गिळलं आणि मजुरांसाठी चढवलेल्या शिऱ्याची कढई कुठवर आली ते बघायला खाली गेले. शहाणा माणूस.

चारच्या ठोक्याला त्या दिवसाचा स्लॅब पुरा झाला. मजूर, मिस्त्री, इंजिनियर सगळे एका रांगेत कागदाच्या ताटल्या घेऊन बसले. शिरा गरम होता. लक्ष्मव्वाने दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि तिसऱ्यांदाही. अभिरामला वाटलं, इतकं गोड आपण कितीतरी दिवसांत खाल्लं नाही.

त्याने तूप लागलेला हात पँटला पुसला आणि वही उघडली. एकशे अकराच्या खाली एक शब्द लिहिला. आज त्याचं अक्षर वाकडंतिकडं आलं.

"काय लिवलंत? वाचा की," चाचा म्हणाले.

"थांबा."

चाचा शिऱ्यातला बेदाणा शोधून खात होते.

"ह्याचा अर्थ काय लावणार?"

अभिरामने पेन्सिल टेकवली. उचलली. पुन्हा टेकवली. मग वही मिटून ठेवली.

चाचा हसले. त्यांच्या तोंडात पाचच दात उरले होते, पण हसायला तेवढे पुरायचे.

"मालकाला सांगितलंय मी. साइट तुमची."

अभिराम वाकून त्यांच्या पाया पडला. त्या पायांवर सिमेंट वाळून पांढरं झालं होतं. तिथे हात लावताना त्याला सकाळपासूनचा प्रश्न आवरेना.

"चाचा, एक खरं सांगा. तुम्ही मुद्दाम उभे राहिला होतात... की चुकून?"

चाचांनी ताटली चाटूनपुसून स्वच्छ केली. डब्यातलं पाणी प्यायले. उठून धोतर झटकलं.

"उद्या पूर्वेची गॅलरी भरायची," ते म्हणाले. "तितं बी उभा ऱ्हानार हाय मी."