उभ्या ज्वारीतली होडी

"देव इथं आले नाहीत म्हणजे काय, बाबा? चौथरे बांधून दिलेत त्यांना!"

रामसिंग वसावे तावातावाने विचारत होता. दित्याबाबा विडी ओढत होता. तो गावाचा पुजारा. उत्तर द्यायची त्याला कधीच घाई नसे.

भिल्लांचं झामणपाडा धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा सरकारने माणसांसोबत देवांचंही पुनर्वसन केलं. दर देवामागे सिमेंटचा एक चौथरा. वाघदेवाला पाण्याच्या टाकीशेजारी जागा मिळाली, डोंगरदेवाला सपाट माळावर. देवांकडून हरकत आली नाही, तेव्हा प्रकरण निकाली निघालं.

माणसांचे देशाने जाहीर सभेत आभार मानले. त्या धरणाच्या विजेच्या तारा नव्या गावावरूनच पुढे गेल्या. गावात उतरायला मात्र त्यांना बरीच वर्षं सवड झाली नाही.

रामसिंग तेव्हा तान्हा होता. पुढे आश्रमशाळेत शिकला, साहेब झाला. जिल्ह्याच्या कचेरीत त्याच्या नावाची पाटी होती आणि जाता-येता तो ती वाचत असे.

उन्हाळ्यात त्याची आई गेली. गुली तिचं नाव. जाताना एवढंच म्हणाली, "नवं धान्य आलं की पहिली मूठ मला दे. माझ्या शेतात."

पितरांना नव्या पिकाचा घास दिल्याशिवाय भिल्लाच्या घरात ते धान्य शिजत नाही. रामसिंगने पिशवीतून ज्वारी आणली होती. सोबत घाईही आणली होती.

"इथंच चौथऱ्यावर उरकून टाकू ना बाबा. उद्या कामावर हजर व्हायचंय मला."

"उरक."

"आणि मंत्र? तो तर तुम्ही म्हणायचा."

"कुणाला ऐकवू? टाकीला?"

म्हाताऱ्याने विडी विझवली.

"आईनं कुठं सांगितलं होतं?"

"शेतात. पण बाबा, तिथं आता पाणी आहे."

"मग होडीनं जाऊ."

...

वल्ही रामसिंगने घेतली. पलीकडचा डोंगर समोर स्वच्छ दिसत होता. त्याने होडी सरळ त्याच्यावर धरली.

"डावीकडं घे," बाबा म्हणाला.

थोडं पुढे गेल्यावर, "आता वळ."

आणखी थोड्या वेळाने, "अजून वळ. अजून."

रामसिंगचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. "सरळ गेलं तर काय बिघडतंय?"

"ते नुऱ्याचं शेत."

"कुठं?"

"तुझ्या होडीखाली. उभ्या पिकातून जातोस होय रे? शिव्या घालील तो."

"नुऱ्याकाका मेले, बाबा!"

"तेच तर. जिता असता तर मी समजूत घातली असती."

रामसिंग हसला. पण त्याने होडी वळवली. का वळवली, हे त्याला सांगता आलं नसतं.

मग वल्ह्यांचा आवाज तेवढा.

आई रोज संध्याकाळी नव्या घराच्या दारात डोंगराकडे तोंड करून बसायची. आपला ओढा, आपला आंबा, आपलं खळं, असं एकटीच सांगत राहायची. तेव्हा त्याला ती कटकट वाटे. आता आंबा ओढ्याच्या अलीकडे होता की पलीकडे, तेही त्याला आठवेना आणि विचारायला कुणी नव्हतं.

"बाबा... आमचं घर कुठल्या अंगाला?"

म्हाताऱ्याने नुसती हनुवटी पाण्याकडे हलवली. रामसिंग वाकून पाहू लागला. पाण्यात त्याचंच तोंड होतं, घामेजलेलं.

"थांब," बाबा म्हणाला. "हे तुमचं शेत."

रामसिंगने वल्ही आत ओढली. बाबाने हात जोडून मंत्र म्हटला. त्यात ओढ्याचं नाव आलं, टेकडीचं आलं, शेवटी गुलीचं आलं. रामसिंगने मूठ भरून ज्वारी घेतली, हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. चारी बाजूंना पाणी. ना खूण, ना झाड.

"टाकू कुठं, बाबा? इथं तर काहीच नाही."

दित्याबाबा त्याच्याकडे बघत राहिला.

"धरणाच्या मोजणीचा साहेब आला होता, तोही हेच म्हणाला. इथं काहीच नाही, नुसतं रान."

"पाणी चढलं होतं तेव्हा?"

"कुठलं पाणी! कंबरभर ज्वारी होती. तुझी आई त्याच्यासमोर वाकून निंदत होती. तू तिच्या पाठीला बांधलेला."

...

मूठ सुटेना.

"तिला दिसेल का, बाबा... कोण आलंय ते?"

"हात पाण्यात घाल, तिच्या पाठीला लागू दे," म्हातारा म्हणाला. "ती अजून वाकलेलीच असेल."