धानबाचे गुलाब आणि रंगाऱ्याची मोरी

पुष्कळ वर्षं लोटली या गोष्टीला. ती कोणत्या राजाच्या काळात घडली, हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही.

राजधानीजवळच्या एका गावात धानबा नावाचा माळी राहत होता. इतर माळी देवासाठी आणि वेणीसाठी सुटी फुलं खुडत. धानबा मात्र गुलाबाची कळी पुरती उमलायच्या आत, हातभर लांब दांडीसकट कापायचा. राजवाड्यातल्या पितळी घड्यांमध्ये ते गुलाब उभे राहत आणि कितीतरी दिवस टवटवीत दिसत.

मळ्याच्या बांधाला लागून लिंबाजी रंगाऱ्याचं घर होतं. तो सुताला काळा रंग द्यायचा. त्याच्या भट्टीवरचं काळपट पाणी मोरीतून निघून मळ्याच्या कडेच्या ओळींत मुरायचं. दोघांचा शेजार जुना होता. भांडण कधी झालं नव्हतं, फारशी मैत्रीही नव्हती.

एका उन्हाळ्यात धानबाने विहीर आणखी खोल खणली. पाणी भरपूर लागलं, पण ते चुनखडीचं होतं. घागरींवर पांढरा थर चढू लागला. पुढे गुलाबांच्या शेंड्याची पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. दांड्या आखूड झाल्या, फुलं फिकी आणि लहान येऊ लागली.

धानबा कष्टाला कमी पडणारा नव्हता. त्याने शेणखताच्या पाट्यांवर पाट्या ओतल्या. पेंड घातली. पाणी वाढवलं. पानं आणखी पिवळी झाली.

अशात राजकन्येचं लग्न ठरलं. मांडव धानबाच्या गुलाबांनी सजवायचा, असा वाड्यावरून निरोप आला. धानबाची झोप उडाली. मग एका सकाळी त्याची नजर त्या काळ्या पाण्यावर गेली.

"हेच ते विष," तो बायकोला म्हणाला. "हा रंगारी माझा मळा मारतोय."

त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, पण मोरीकडच्या ओळी तर हिरव्यागार आहेत."

"त्या जुन्या ओळी आहेत, चिवट आहेत," धानबा म्हणाला आणि तडक राजाकडे गेला.

राजाने लिंबाजीला बोलावून घेतलं. लिंबाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, हे पाणी माझ्या आज्यापासून तिथंच मुरतंय. इतकी वर्षं गुलाबांना काही झालं नाही, ते आताच कसं झालं?"

राजाला लग्नाची घाई होती. तो म्हणाला, "भट्टी दुसरीकडे मांडता येते, मळा उचलून नेता येत नाही. तू गाव सोड."

लिंबाजीने भट्टी मोडली. रांजण आणि सूत गाडीत भरलं, म्हाताऱ्या आईला वर बसवलं आणि तो निघून गेला. गावातलं कोणी वेशीपर्यंतही गेलं नाही.

लग्न झालं. मांडव झेंडूने सजला, कारण गुलाब सुधारले नाहीत. धानबा वाट बघत राहिला. विष हळूहळू उतरेल, असं तो ज्याला त्याला सांगायचा. पण पावसाळा सरला आणि कडेच्या ओळीही पिवळ्या पडल्या.

सगुणाने त्याला तिथे नेऊन उभं केलं. "आता बघा," ती म्हणाली. "पाणी थांबलं आणि याही गेल्या. ते पाणी यांना मारत नव्हतं, जगवत होतं."

धानबाने त्या ओळींतली पिवळी पानं हातात घेऊन पाहिली. मग पागोटं बांधून लिंबाजीच्या शोधात निघाला.

लिंबाजी दूरच्या एका गावात सापडला. धानबाने त्याचे पाय धरले आणि सगळं सांगितलं.

"काळ्या रंगाला हिराकस लागतो," लिंबाजी म्हणाला. "हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. मोरीच्या पाण्यातून तोच थोडाथोडा तुझ्या ओळींत मुरायचा. विहिरीच्या नव्या चुनखडीच्या पाण्यामुळे तुझ्या झाडांना लोखंडच मिळत नसेल."

"लोखंड? झाडाला?"

"मला झाडातलं कळत नाही. तू सांगतोस त्यावरून म्हणतो." लिंबाजीने थोडा हिराकस फडक्यात बांधून दिला. "जुन्या, कुजलेल्या खतात मुरवून चिमूटभर घाल. मूठभर घालशील तर मुळं जळतील."

"दादा, गावाला चल. मी राजासमोर माझी चूक कबूल करतो."

"ती कबूल कर. पण मी येत नाही," लिंबाजी म्हणाला. "त्या प्रवासात आईने अंथरूण धरलं, ती पुन्हा उठली नाही. आता इथली माणसं मला ओळखतात."

धानबा राजाकडे गेला आणि भर दरबारात म्हणाला, "महाराज, मी निर्दोष माणसाला घालवलं." राजाने हुकूम मागे घेतला. घाईत आपणही चुकलो, असं तो म्हणाला. पण लिंबाजी आला नाही, आणि त्याला कोणी आणूही शकलं नाही.

धानबाने सांगितल्याप्रमाणे चिमूटभर हिराकस खतात मुरवून घातला. जुनी पानं पिवळीच राहिली. नवी मात्र हिरवी फुटली. दांड्या पुन्हा हातभर झाल्या, गुलाब राजवाड्यात जाऊ लागले. हिराकस संपला की धानबा तो लांबचा रस्ता चालून लिंबाजीच्या दारात उभा राही. लिंबाजी त्याला हिराकस देई, पाणीही विचारी. बसायला मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

बोध: जे चिमूटभरच लागतं तेही क्षुल्लक नसतं; ते बंद करण्याआधी ते कोणाला जगवतं आहे हे पाहावं.