लाकडी आंब्याचा संशय

भातुकलीतलं जेवण रोज शिजायचं आणि कधीच संपायचं नाही, तेव्हाची ही गोष्ट. शाल्मलीच्या खेळण्यांच्या टोपलीत एक दिवस स्वयंपाकघरातलं खरं लिंबू येऊन पडलं. लाकडी आंब्याला लगेच संशय आला. ताटात पहिला मान त्याचा होता, तो आता जातो की काय?

"याला वास येतो," तो लाकडी वांग्याला म्हणाला. "आणि मधे आपल्यासारखी चिकटपट्टीही नाही. काय रे लिंबा, कापल्यावर परत जुळतोस कसा?"

"नाही जुळत," लिंबू म्हणालं.

"मग यात नक्की काहीतरी लबाडी आहे," वांगं पुटपुटलं.

दुपारी शाल्मलीने आत्याला जेवायला बसवलं आणि आंबा पुढे केला.

"वा, काय गोड," आत्या म्हणाली.

मग आईने कापून दिलेली लिंबाची फोड आली. खायचं सोंग करायला आत्याने ती जिभेला लावली आणि तिचे डोळे गच्च मिटले.

"अगं बाई, हे खरंच आंबट आहे."

दोघी हसून हसून लोळल्या.

उरलेलं लिंबू सरबतात गेलं. आंब्याचा मान शाबूत राहिला. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा म्हणाली, "वा, काय गोड."

या वेळी आंब्याने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती पेपर वाचत होती.