थांबलेल्या पाण्याची राणी

त्रेतायुगाचा आरंभ होता आणि पृथ्वीवरचे पाणी अजून थांबायला शिकले नव्हते. मेघातून सुटले की डोंगर, दरी, अरण्य ओलांडून ते थेट समुद्राला जाऊन मिळे. त्या काळी सूचीमुखी नावाच्या राक्षसीने पिंपळाच्या पानावर एका पायाने उभे राहून घोर तप केले. तिचा देह गवताच्या काडीसारखा कृश होता, मुख सुईसारखे तीक्ष्ण. ब्रह्मदेव प्रसन्न झाला तेव्हा ती म्हणाली, "पितामह, देवांना स्वर्ग दिलात, नागांना पाताळ दिलेत, माणसांना तर अवघी पृथ्वी दिलीत. मला नि माझ्या लेकरांना पाय टेकायलाही जागा नाही. कुठेतरी माझेही राज्य असू द्या."

ब्रह्मदेव विचारात पडला. उंच शिखरांवर थंडीने हिचा निभाव लागायचा नाही, मरुभूमीत हिची पिले सुकून जातील, नदीत पडली तर वाहून जातील. मग तो म्हणाला, "जिथे जिथे पाणी निश्चल राहील, ती भूमी तुझी. तिथल्या माणसांचे रक्त हा तुझा करभार आणि ज्वर हा तुझा सेनापती." तसे पाणी पृथ्वीवर कुठेच नव्हते, म्हणून आपण काहीच दिले नाही असे त्याला वाटले. सूचीमुखीने वाद घातला नाही. नमस्कार केला आणि वाट बघत बसली.

सह्याद्रीच्या पायथ्याला, कलरवा नदीच्या काठी स्थिरव्रत ऋषींचा आश्रम होता. औदुंबर आणि कदंब यांच्या गर्द छायेत पर्णकुटी, अंगणात निर्भय बागडणारी हरणे, आणि यज्ञधूमाने सदा सुगंधित असलेला वारा. ऋषींची पत्नी सुवेणी हिला फार उशिरा, फार नवससायासांनी मृगांक नावाचा एकुलता पुत्र झाला होता. पोर साधे शिंकले तरी ती हातातले काम टाकून धावे. तो जन्मला त्याच दिवशी तिने त्याच्या उशाशी पाण्याने भरलेला ताम्रकलश ठेवला आणि व्रत घेतले, की याची मुंज होईपर्यंत हा कलश रिता होऊ द्यायचा नाही. वाळलेली आंब्याची पाने ती बदलायची, आटलेले पाणी वरून घालायची, पण कलश कधी ओतला नाही. रिता कलश म्हणजे अशुभ. पालथा म्हणजे तर बोलायलाच नको.

एके दिवशी जपाला बसलेल्या स्थिरव्रतांचे चित्त नदीच्या खळखळाटाने विचलित झाले. ते क्रोधाने म्हणाले, "कलरवे, मी अक्षर ब्रह्माचे चिंतन करतो आणि तू अहोरात्र बडबडतेस. माझे अनुष्ठान पुरे होईपर्यंत जागच्या जागी स्तब्ध राहा." तपस्व्याचा शब्द तो. नदी थांबली. पात्राची डबकी झाली, डबक्यांवर शेवाळ आले, आणि आश्रमात अशी शांतता पसरली की ऋषी तृप्त झाले. त्याच शांततेत सूचीमुखी आपल्या लेकरांसह राज्यावर आली.

मग ज्वर आला. आधी हुडहुडी, मग दाह, मग घाम, आणि आता बरे वाटतेय म्हणावे तोच पुन्हा हुडहुडी. शिष्य पडले, गोपाळ पडले, काठाकाठाने गावेच्या गावे अंथरुणाला खिळली. वर पठारावर सुवेणीच्या बहिणीचा आश्रम होता. तिथे मात्र सगळे धडधाकट होते. सुवेणीच्या ते ध्यानात आले, की हा ज्वर डोंगर चढत नाही, कोरड्या रानात जात नाही. मेलेल्या नदीचा काठ धरून चालतो. थांबलेल्या पाण्यावर सूचीमुखीचे राज्य, ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली वराची गोष्ट तिला आठवली. त्याच संध्याकाळी मृगांकाचे अंग तापले.

ती तडक पतीपुढे जाऊन उभी राहिली. "नाथ, नदीला सोडा."

"सुवेणी, एकदा उच्चारलेले वचन मागे घेतले तर माझे सारे तप भस्म होईल. हा विषय काढू नकोस."

"तुमचा जप निर्विघ्न झाला. पोराच्या दातांवर दात आपटताहेत, तेवढा आवाज चालतो का तुम्हाला?"

ऋषींनी मान खाली घातली. मग आत जाऊन पुत्राच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो हात तसाच घेऊन नदीकाठी आले. "कलरवे, वाहा," इतकेच ते म्हणाले. त्यांच्या मुखावरचे तेज विझले आणि नदी गर्जत सुटली. डबकी धुऊन निघाली, सूचीमुखीची पिले समुद्राला मिळाली. हळूहळू शिष्य उठले, गोपाळ उठले. मृगांकानेही डोळे उघडून दूधभात मागितला. सुवेणीने भरवता भरवता पदराने डोळे पुसले.

पण थोड्याच दिवसांत मृगांकाला पुन्हा हुडहुडी भरली. साऱ्या आश्रमात एकट्या त्यालाच. तीन कांबळी घातली तरी पोर थरथरत होते. दिवेलागणीला सुवेणी त्याला मांडीवर घेऊन कळवळून म्हणाली, "सूचीमुखी, नदी वाहती झाली. तुझे राज्य बुडाले. मग माझ्या घरात कुणाच्या आज्ञेने शिरलीस?"

"तुझ्याच," अगदी जवळून उत्तर आले.

सुवेणीने पाहिले. उशाशी, ताम्रकलशाच्या काठावर ती काडीसारखी राक्षसी बसली होती. "बाई, उंबऱ्याबाहेरचे पाणी तुझ्या नवऱ्याने थांबवले होते. आतले तू थांबवलेस. वरून रोज नवी पाने घालून माझ्या लेकरांवर सावली धरलीस. तुझे उपकार मी विसरायची नाही."

सुवेणीने आंब्याची पाने बाजूला केली. पाण्यात बारीक, काळे जीव वळवळत होते. मांडीवरचे शरीर एकदा ताठ झाले आणि मग निष्प्राण पडले.

तिने पुत्राला खाली निजवले, दोन्ही हातांनी कलश उचलला आणि अंगणात नेऊन पालथा केला. मग ती म्हणाली, "ब्रह्मदेवाचा वर मला मोडता येत नाही. पण तू चोरपावलांनी आलीस, मला ऐकूसुद्धा आली नाहीस. आजपासून तुझ्या वंशातली कुणीही मुकी राहायची नाही. लेकराला डसण्याआधी त्याच्या आईच्या कानाशी येऊन तिला आपले नाव सांगावे लागेल."

वर खोटा होत नाही आणि मातेचा शापही टळत नाही. म्हणून आजही थंड शिखरे, कोरडी राने आणि वाहत्या नद्या सूचीमुखीला वर्ज्य आहेत. सखल दलदल, तुंबलेले ओहोळ, माणसाने साठवून विसरलेले पाणी तिचे. तिच्या राज्याची सीमा डोंगरांनी आखली आणि समुद्रांनी आखली, पण उरलेली माणूस आपल्याच घरात आखतो. सुवेणी पुढे गावोगाव हिंडली. आठवड्यातून एक दिवस घरातले प्रत्येक भांडे पालथे घालावे, त्यात अशुभ काही नाही, हे ती दारोदार सांगत राहिली. काहींनी ऐकले.

आणि दिवे मालवल्यावर कानाशी ती बारीक गुणगुण आली, की आई कितीही गाढ झोपेत असो, तिचा हात आधी लेकराच्या अंगावरून फिरतो. जाग मागाहून येते.