बुधीनं लिहिलेले खुंट

रान तोडणाऱ्यांनाच घरात रानाचं चित्र हवं असतं. तेही हिरवंगार, पाखरांसकट.

आमच्या डोंगरात ही खोड जुनी आहे. किती जुनी, ते बुधीच्या गोष्टीवरून कळतं. गावाला रस्ता नव्हता, शाळा नव्हती, तेव्हाची ही बाई. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायचं काम तिचं. चौक नसेल तर लग्न लागत नसे. तिची रीत अशी, की सकाळी देवराईत जाऊन झाडांना हात लावायचा आणि जे हाताला लागलं तेच भिंतीवर लिहायचं. असं म्हणतात, तिनं लिहिलेल्या झाडाखाली उन्हाळ्यात कोंबड्या येऊन बसत.

एका वर्षी गावच्या कारभाऱ्यानं लाकूडवाल्याला देवराई दाखवली. पडलेली चार झाडं नेतील, असं त्यानं सांगितलं. गावानं मान डोलावली, कारण प्रत्येकाला घरासाठी एकेक वासा मिळाला होता. पुढच्याच महिन्यात कारभाऱ्याच्या मुलाचं लग्न निघालं. बुधी सकाळी देवराईत गेली, परत आली आणि भिंतीवर तोडलेल्या झाडांचे खुंट लिहू लागली. नुसते खुंट.

"म्हातारे, झाडं लिही. नवरीकडचं वऱ्हाड वाटेत आहे," कारभारी म्हणाला.

"कुठली लिहू? दाखव, हात लावून येते."

त्यानं भिंत सारवून टाकली. असं म्हणतात, सारवण वाळलं तसे खुंट पुन्हा वर आले. तीनदा सारवलं, तीनदा आले. शेवटी लोकांनी मोजले, तर एकशे नऊ. चार म्हणणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नाही, आणि वासे घेणाऱ्यांनाही. वऱ्हाड आल्या पावली परतलं. तरी गावानं हाकललं ते बुधीलाच.

पिठाची वाटी घेऊन ती उजाड देवराईत गेली, खुंटाखुंटावर बोट टेकवत चालत राहिली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. असं म्हणतात, तिचं बोट लागलं त्या प्रत्येक खुंटाला आठ दिवसांत धुमारे फुटले. कारभाऱ्याच्या मुलाचं लग्न लागलं ते धुमारे कमरेएवढे झाल्यावर.

आजही आमच्याकडे लग्नाच्या सकाळी दोन्हीकडची माणसं बुधीचं नाव घेत देवराईतल्या झाडांना हात लावून येतात. चौकात झाडं, पाखरं सगळं असतं, पण एका कोपऱ्यात एक खुंट लिहितातच.

गेल्या वर्षी डोंगराची मोजणी करायला आलेल्या साहेबानं तो पाहिला आणि विचारलं, "शुभकार्यात हे कशाला?"

पीठ कालवत बसलेल्या बाईनं वर न बघता सांगितलं, "नव्या नवरीला कळायला नको, कसल्या माणसांत आलीय ते?"