ब्याऐंशीचा पत्ता

"…मग नव्याण्णवचा घेऊ, की ब्याऐंशीचाच ठेवू? एवढं एकच सांगा, बाबा."

विचारणारा शार्दूल गोंधळेकर, सांगलीचा. मोबाइलवरच्या बास्केटबॉलच्या खेळातला मोठा जाणकार. त्या खेळात प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता असतो, आणि पत्त्यावर त्याचे गुण छापलेले असतात, शंभरपैकी. शार्दूल व्हिडिओ करून हे पत्ते पारखतो. अकरा हजार माणसं ऐकतात. त्यातली निम्मी तरी जागी असावीत.

ज्यांना विचारलं ते मौलाबाबा. फकीर माणूस. तासगावच्या वेशीबाहेर चिंचेखाली त्यांचा तकिया, म्हणजे एक ओटा, एक रांजण आणि एक शेळी. शिवाय दुपारी फुकटच्या चहाला येणारे आम्ही.

बाबांनी चिंचोका थुंकला.

"पत्ता म्हणालास?"

"हो."

"नव्याण्णव नंबर. गल्ली कुठली?"

शार्दूलनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही शेळीकडं पाहिलं.

"तसला पत्ता नव्हे, बाबा. खेळायचा पत्ता."

"असं होय. मग तिथं राहतं कोण?"

"…खेळाडू."

"म्हंजे राहतं कुणीतरी. पुढं बोल."

शार्दूलनं मोबाइल पुढं केला. एका पत्त्यावर येलिच, सात फुटी, सोनेरी काठ, गुण नव्याण्णव. दुसऱ्यावर पिंटो. बुटका, टकला, काठ मातकट, गुण ब्याऐंशी. पिंटो आणि आणखी चार पत्ते परत दिले की येलिच मिळणार होता. मुदत आज पाच वाजेपर्यंत. आणि दिलेला पत्ता जन्मात परत मिळत नाही.

"मग दे की," बाबा म्हणाले. "सतरा गुण जास्त आहेत त्याचे. एवढं गणित आमच्या शेळीलाही येतं."

शेळीनं मान हलवली. माशी बसली होती.

"देणारच आहे. मीच सांगितलंय सगळ्यांना, नव्वदच्या खालचा पत्ता म्हणजे कचरा. फेकून द्या."

"मग फेक."

शार्दूलनं मोबाइल मागं ओढला.

"फेक की मर्दा."

शार्दूलचे कान लाल झाले.

"रविवारी या खेळाच्या स्पर्धेचा अंतिम सामना आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "सांगलीत, मोठ्या पडद्यावर. पिंटोला घेऊन उतरलो तर सगळा हॉल हसेल मला."

"आणि अंतिमपर्यंत कुणाला घेऊन आलास?"

"आहेत… दुसरे कुणीतरी."

"तकियात खोटं बोललं की चिंच गोड लागते म्हणे. थांब, एक खाऊन बघतो."

"पिंटोला," शार्दूल म्हणाला. "दुसऱ्या नावानं खेळत होतो. दोन वर्षं… रोज."

बाबा इतके हसले की ठसका लागला. आम्ही त्यांची पाठ चोळली आणि त्यांचा चहा पिऊन टाकला.

"बरं, टाक बघू एक. दाखव त्याची करामत."

शार्दूलनं पिंटोला सरावाच्या मैदानात उतरवलं. या खेळात काचेवर अंगठा दाबून धरायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा, की चेंडू जाळीत. प्रत्येक खेळाडूचा तो क्षण वेगळा. पत्त्यावर तेवढाच छापलेला नसतो.

शार्दूलनं अंगठा टेकवला. तेवढ्यात बाबांनी डोक्याचा हिरवा पटका सोडला आणि मोबाइलवर टाकला.

"बाबा, दिसत नाही."

"मला तरी कुठं दिसतंय. टाक."

पटक्याखाली अंगठा दाबला गेला… सुटला.

पटक्याखालून टाळ्या ऐकू आल्या.

"आणखी."

पाच वेळा टाकला, पाचही वेळा टाळ्या. त्या पटक्याचा एवढा सत्कार उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

"आता तो सात फुट्या. चाखायला मिळतो का?"

"पाच फेकी देतात."

पाचही वेळा पटक्याखालून लोक हळहळले.

"सवय नाही अजून," शार्दूल म्हणाला. "शिकीन मी. शेवटी नव्याण्णवचा आहे तो."

"शीक की. कोण नको म्हणतंय."

बाबांनी पटका उचलला. शार्दूलनं पुन्हा पिंटोला आणलं. पिंटो बनियनच्या टोकानं टक्कल पुसत उभा होता. तो नेहमीच पुसतो, कुणी बघो न बघो. शार्दूल त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला… मग ताडकन उठला.

"कळलं, बाबा. आजच सांगतो सगळ्यांना. पिंटोच खरा नव्याण्णवचा. ब्याऐंशी छापणारे गाढव आहेत. अकरा हजार जणांनी आजच्या आज पिंटो घ्यावा."

"आण इकडं," बाबा म्हणाले.

त्यांनी मोबाइल हातात घेतला. उलटा. आम्ही सुलटा करून दिला.

पहिला चेंडू प्रेक्षकांत गेला. दुसरा पंचाच्या पोटावर बसला. तिसऱ्या वेळी पिंटो चेंडू छातीशी धरून तसाच उभा राहिला, देवळात चप्पल हरवल्यासारखा.

एवढ्यात गजर वाजला. पाचाला पाच कमी. मुदत चुकू नये म्हणून शार्दूलनंच लावलेला.

शार्दूलनं वेळ पाहिली. बाबांचा अंगठा पाहिला. भाकरी थापायला बसावं तसा तो काचेवर बसला होता.

त्यानं गजर बंद केला.

"असा नव्हे, बाबा. एवढा रेटू नका. तो टाचा उचलतो बघा… उचलल्या. तेव्हा सोडायचा."

बाबांनी सोडला. चेंडू छताला लागला.

"पुन्हा, बाबा."

पाच वाजून गेले. सव्वापाच झाले. शार्दूल बाबांना शिकवत होता, बाबा पंचाला मारत होते, आणि आम्ही दोघांना हसत होतो. चाळिसाव्या फेकीनंतर शेळीसुद्धा उठून गेली.

शेवटी बाबांनी मोबाइल परत दिला आणि पटका डोक्याला गुंडाळायला घेतला.

"रविवारी पिंटोच उतरणार," शार्दूल म्हणाला. "हसू देत. पण पत्त्याचं विचारतील, त्यांना काय सांगू?"

बाबांनी पटक्याचं टोक खोचलं.

"पत्ता बरोबर आहे म्हणावं, तिथं शार्दूल राहतो… फक्त बाबा तिथं राहत नाहीत."