मोकळ्या जागेतला चेंडू

एकदा एका तालमीत मोठा पेच पडला. पंचगंगेकाठच्या त्या शहरात तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. प्रत्येक तालमीचा आपला फुटबॉल संघ असतो आणि संघ हरला की त्या रात्री पेठेत कुणाला जेवण गोड लागत नाही. या तालमीत एक जुनी प्रथा होती. हंगामाचा पहिला चेंडू मारुतीपुढे ठेवायचा, नारळ फोडायचा, मग मैदानाच्या मधोमध जाऊन एखाद्या जुन्या खेळाडूचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्या नावानं चेंडू मारायचा. नाव कुणाचं, ते पेठेनं ठरवायचं. यंदा संघाची शताब्दी होती. म्हणून यंदाचं नाव तालमीच्या सर्वांत थोर चाल रचणाऱ्याचं असावं, असं ठरलं. मैदानाच्या मध्यभागी खेळणारा, स्वतः क्वचित गोल करणारा, पण ज्याच्या पायातून प्रत्येक गोलाचा उगम होतो असा खेळाडू. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. नावावर येताच माशी शिंकली.

म्हाताऱ्यांचा गट म्हणे केरबा. केरबा अनवाणी खेळायचा आणि अंगठ्यानं चेंडूला असा वळसा द्यायचा की समोरचा पाहतच राही. केरबाचा खेळ खरोखर पाहिलेले लोक आता मोजकेच उरले होते, पण त्याबद्दल शपथेवर सांगणारे पुष्कळ होते. तरुणांचा गट म्हणे विक्रांत, जो नुकताच निवृत्त झाला होता आणि ज्याचे पास त्यांच्या मोबाइलमध्ये साठवलेले होते. आणि मधल्या वयाचे सगळे म्हणत इलाही. इलाही, बाकी कुणी नाही. चहाच्या टपरीवर, केशकर्तनालयात, लग्नाच्या पंगतीत हाच वाद. दोन साडूंनी एकमेकांकडे जाणं बंद केलं, तेही केरबा आणि विक्रांत यांच्यापायी. त्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नव्हती.

इलाहीच्या गटाचा म्होरक्या होता दिगंबर. वय पन्नाशीच्या आसपास, विम्याचं काम, पोट सुटलेलं. लहानपणी तो तालमीच्या जुन्या वस्तादांच्या हाताखाली फुटबॉल शिकला होता. पायात फार काही उतरलं नाही, पण जिभेत सगळं उतरलं. इलाहीच्या त्या अंतिम सामन्यातल्या पासाचं वर्णन त्यानं करावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही तालमीच्या कट्ट्यावरची रोजची बैठक होती. चिखल झालेलं मैदान, बरोबरीत अडकलेला सामना, गोलाकडे पाठ करून उभा असलेला इलाही. मान न वळवता त्यानं समोरच्या संघाच्या दोन बॅकच्या मधून चेंडू सोडला आणि चेंडू थेट जाळ्यात. लोकांना हे तोंडपाठ होतं, तरी ते पुन्हा सांगायला लावत.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र दिगंबरच्या सांगण्यातला जीव कमी झाला होता. त्याचा थोरला भाऊ रंगराव तेव्हा वारला. वडील लवकर गेल्यावर रंगरावनं फौंड्रीत काम करून धाकट्याला शिकवलं होतं. तो बोलायचा कमी. संध्याकाळी कट्ट्याच्या अगदी टोकाला चहाचा ग्लास घेऊन बसायचा, भावाचं वर्णन ऐकायचा आणि ग्लासात बघून हसायचा. आता ती जागा रिकामी असे. दिगंबर सांगताना तिकडे बघायचं टाळत असे.

वाद मिटेना, तेव्हा सगळे वस्तादांकडे गेले. वस्ताद पंच्याऐंशी पार केलेले, हातात काठी, पण नजर शाबूत. तिन्ही काळ डोळ्यांनी पाहिलेला तो पेठेतला एकटाच माणूस, आणि म्हणूनच त्यांना सर्वांत शेवटी विचारायचं सुचलं. वस्तादांनी तिन्ही गटांचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं. कुणालाही मध्येच अडवलं नाही. मग म्हणाले, उद्या सकाळी मैदानावर या. प्रत्येकानं आपल्या खेळाडूचा सर्वांत मोठा पास घेऊन या. त्याच जागेवरून, त्याच दिशेनं, त्याच वेगानं तो मारून दाखवा. मग मी सांगतो.

सकाळी पेठ लोटली. वस्तादांनी एकच अट घातली होती: मधली रेघ ओलांडून पलीकडे कुणी जायचं नाही. अर्धं मैदान रिकामं.

केरबाच्या गटातून एक पेन्शनर पुढं आले. चप्पल काढून, धोतर खोचून त्यांनी चेंडू मारला. वयाच्या मानानं बरा गेला. रिकाम्या गवतावरून घरंगळत चेंडू मैदानाबाहेरच्या चरात जाऊन पडला. वस्ताद उठले. काठी टेकत टेकत सगळं अर्धं मैदान चालत गेले, चरातून चेंडू काढला आणि तसेच परत आले. पोरं धावायला निघाली, तर त्यांना हातानं थांबवलं. मग विक्रांत स्वतः आला. त्याचा पास इतका देखणा होता की इलाहीवाल्यांच्या तोंडूनही दाद निघाली. तोही चेंडू चरात. वस्ताद पुन्हा काठी टेकत गेले. लोक कुजबुजू लागले की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. विक्रांत मात्र रिकाम्या मैदानाकडे पाहत उभा राहिला. त्या जमावात खरा खेळाडू तो एकटाच होता, त्यामुळे त्याला आधी उमगलं असावं.

शेवटी दिगंबर. त्यानं गोलाकडे पाठ केली, मान न वळवता टाचेनं आणि पायाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू सोडला. वर्षानुवर्षं सांगून सांगून तो पास त्याच्या अंगात भिनला होता. चेंडू बरोबर त्याच जागी गेला, गोलच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत, आणि तिथून पुढं चरात.

वस्तादांनी तिसऱ्यांदा चेंडू आणला, दम घेतला आणि विचारलं, "गोल झाला?"

पेन्शनर जरा चिडलेच. पुढं कुणी नव्हतंच तर गोल कसा होणार, असं ते म्हणाले.

"कोण असायला पायजे होता?"

पेन्शनरांनी आपल्या गटाकडे पाहिलं. केरबाच्या पासावर कोण धावला होता, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता येईना. वस्ताद दिगंबरकडे वळले.

"दिगू, तुला तरी म्हाईत असंल. त्या दिवशी त्या जागेत कोण पळत आला?"

दिगंबरला माहीत होतं. जगात दुसऱ्या कुणाला नसलं तरी त्याला माहीत होतं, कारण त्या संध्याकाळी त्यानंच त्या माणसाच्या पायाचा चिखल गरम पाण्यानं धुतला होता. तो रंगराव होता. त्याचा आण्णा.

पहिली काही वर्षं दिगंबर तसंच सांगायचा. इलाहीनं पास दिला, आमचा आण्णा दोन बॅकना मागं टाकून धावला आणि त्यानं गोल मारला. मग एका संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी टोमणा मारला, की घरचा माणूस म्हणून प्रत्येक गोष्टीत घुसडतो. सगळे हसले. दिगंबर ओशाळला. दुसऱ्या दिवसापासून तो आण्णाऐवजी 'आपला फॉरवर्ड' म्हणू लागला. पुढं तेही गळालं आणि चेंडू थेट जाळ्यात जाऊ लागला. कथा अधिकच रंगू लागली, कारण इलाहीच्या आणि जाळ्याच्या मध्ये आता कुणीच उरलं नव्हतं. आणि हे सगळं आण्णाच्या देखत झालं होतं. कट्ट्याच्या टोकाला बसून, चहाच्या ग्लासात बघत आण्णानं स्वतःला त्या गोष्टीतून हळूहळू नाहीसं होताना ऐकलं होतं. एका शब्दानं तो कधी बोलला नाही.

दिगंबर तिथंच गवतावर बसला. वस्ताद काठीच्या आधारानं त्याच्याजवळ टेकले.

"इलाही आखाताकडं निघाला तेव्हा पाया पडायला आला हुता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला म्हणाला, वस्ताद, लोक म्हणत्यात मला पाठीमागं डोळं हाईत. तसं काय न्हाई. रंगराव पळायला लागला की त्याच्या पायाचा आवाज मला ओळखू यायचा, आन् मग चेंडू कुठं टाकायचा ते कळायचं. तो पळला नसता तर मला काय सुचलंच नसतं, असं म्हणाला. आता तुम्ही मला इचारताय, कोण थोर. केरबाचं मैदान निराळं, इलाहीचं निराळं, ह्या विक्रांतचं निराळं. कुठल्या तराजूत घालू? पण तिघांनी केलं ते एकच. दुसऱ्याची धाव त्यांनी ऐकली. तुम्ही गोल बघितला, पास बघितला, आन् धाव तेवढी इसरला. जे केरबाला, इलाहीला कधी इसरता आलं न्हाई, नेमकं तेच."

एवढं बोलून वस्ताद घरी गेले. निवाडा त्यांनी दिलाच नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

दिगंबर त्या दिवशी कामावर गेला नाही. तो थोरल्या भावाच्या घरी गेला. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यानं त्यांना विचारलं की आण्णा कट्ट्यावरून घरी आल्यावर माझ्याबद्दल कधी काही बोलायचा का. रागावलेला असायचा का. वहिनींना या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"रागवतील कशापायी? रोज म्हणायचे, आज दिगूनं लई झ्याक सांगितलं. मी एकदा इचारलं, तुम्ही हुता का हो त्या गोलाच्या येळी? तर म्हणाले, हुतो की, जवळच हुतो."

दिगंबर तिथंच, भावाच्या घराच्या उंबऱ्यावर, लहान मुलासारखा रडला. भाऊ गेला त्या दिवशी पाहुण्यांची सोय, लाकडं, तिरडी या धावपळीत त्याला रडायला सवड मिळाली नव्हती. ते राहिलेलं रडणं आता आलं. आपण आण्णाला काय देणं लागत होतो, हे त्याला कळलं होतं, आणि द्यायला आण्णा उरला नव्हता. या दुःखावर औषध नाही. वहिनींनी निवडलेले तांदूळ बाजूला ठेवले आणि काही न विचारता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

संध्याकाळी तालमीत बैठक झाली. दिगंबरनं इलाहीचं नाव मागं घेतलं आणि रंगरावचं मांडलं. बोलताना त्याची मान खाली होती. घरचा माणूस घुसडतो, असं यावेळी कुणी म्हटलं नाही. केरबावाले पेन्शनर मात्र उठून उभे राहिले. आता पुन्हा जुंपणार, असं सगळ्यांना वाटलं.

"आमच्या केरबाच्या म्होरं कोण पळायचा, ते आज दिवसभर आठवून बघितलं," ते म्हणाले. "न्हाई आठवलं. आता सांगणारंबी कोण राहिलं न्हाई. ज्याचं नाव अजून आठवतंय, त्याचं तरी घ्या."

हंगामाच्या पहिल्या दिवशी मारुतीपुढे नारळ फुटला. वहिनींना खुर्ची देऊन पुढं बसवलं होतं. चेंडू मारायचा मान विक्रांतला दिला होता. त्यानं गोलाकडे पाठ केली. नाव घ्यायचं काम दिगंबरचं होतं. त्यानं मोठ्यानं भावाचं नाव घेतलं, आणि प्रथेत नव्हतं ते केलं. तो पळत सुटला.

पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस उजवीकडून डावीकडे तिरपा, त्या सामन्यात दोन बॅक जिथं उभे होते तिथून, त्या मोकळ्या जागेकडे पळू लागला. काही पोरं हसली आणि मोठ्यांनी त्यांना गप्प केलं. पावलांचा आवाज जवळ आला तसा विक्रांतनं मान न वळवता चेंडू सोडला. चेंडू बरोबर जागेवर पडला. दिगंबरनं जीव खाऊन पाय उचलले. छाती फुटायची वेळ आली, गुडघ्यातून कळ गेली, आणि तरी चेंडू त्याच्या पुढून निघून गेला. चरात पडला.

तो कंबरेवर हात ठेवून तिथंच वाकून उभा राहिला. इतकी वर्षं तो त्या पासाबद्दल बोलत होता, पण ती जागा इतकी लांब आहे, हे त्याला आज प्रथमच कळलं. चिखल असताना आण्णा इथवर कसा आला असेल?

विक्रांत धावत आला आणि ओशाळून म्हणाला की पास जरा जोरात गेला.

दिगंबरनं मान हलवली. डोळे पुसले. खुर्चीवर बसलेल्या वहिनींकडे एकदा पाहिलं.

"पास बरोबर हुता," तो म्हणाला. "आण्णा पोचला असता."